घोंगडीवरचे सहा हात

"मला काही दिसत नाहीये! डोळ्यावर ओल बसलीये म्हणून सांगून सांगून थकलो मी. पण इथं ऐकतंय कोण माझं?"

कुरकुऱ्या अगदी सावीच्या कानाशी कुरकुरत होता. कुरकुऱ्या म्हणजे हवामान मोजणारा यंत्रमानव. सरकारनं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं. पण महाबळेश्वरच्या या परसात सावीच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, सोबतीला आल्यापासून तो बोलायला त्यांच्याकडूनच शिकला, आणि सावीनं त्याचं नाव बदलून टाकलं.

"थांब रे, पुसते," म्हणत तिनं मफलरच्या टोकानं त्याची काच पुसली. ती लगेच पुन्हा धुरकटली.

सगळेच दमले होते. आठवडाभर बातम्यांत एकच पालुपद चाललं होतं, 'हलक्या हिमवर्षावाची शक्यता'. रोज फटफटायच्या आत उठायचं, दोन स्वेटर चढवायचे, परसात काळी घोंगडी अंथरायची, नाक गळेपर्यंत आभाळाकडे बघायचं आणि मग शाळेत जाऊन डुलक्या काढायच्या. रोज संध्याकाळी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर कापड घाला, सकाळी काढा, असं करून आईची कंबर धरली होती. "पडायचं तर पडा एकदाचं, नाहीतर नाही म्हणून सांगा," असं ती आभाळाला सुनवायची. पण आबांच्या माघारी.

कारण आबांना बर्फ पडताना बघायचा होता. त्यांचा सगळा जन्म वेधशाळेत गेला. दर हिवाळ्यात कुणीतरी फोन करून विचारायचं, "वेण्णा तलावावर बर्फ पडला ना?" आणि आबा म्हणायचे, "पडला नाही हो, जमला." ऐकणाऱ्याचा हिरमोड व्हायचा. गावातसुद्धा गवतावरच्या त्या पांढऱ्या थराला सगळे खुशाल बर्फच म्हणत. जीपच्या टपावरून तो खरवडून फोटोही काढत.

दिवाळीत आबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काय झालं ते कुणी बोललं नाही. आईनं मात्र उंबऱ्याला पांढरा पट्टा मारला, "छान दिसतो" म्हणून. चहाचा कप ती आता आबांच्या हातातच द्यायला लागली. आबा सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसत, पण पान काही उलटत नसे. सावी हे सगळं बघत होती आणि मनात एकच घोकत होती. पडायचं तर आत्ताच पडू दे. आबांना दिसतंय तोवर.

"आबा, परवा गवत पांढरं झालं होतं, तेव्हा केवढं गार होतं! आज तेवढं नाही. मग कुरकुऱ्या आज शक्यता जास्त कशी सांगतो?"

"शंभरात तीस," कुरकुऱ्या म्हणाला. "माझ्यावर ओरडू नका नंतर."

आबा खुर्चीत सरसावून बसले. असा प्रश्न आला की त्यांचा शीण थोडा उतरायचा. "परवा आभाळ कसं होतं?"

"स्वच्छ. चांदण्या होत्या."

"म्हणजे जमिनीच्या अंगावर पांघरूण नव्हतं. तिची उष्णता रात्रभर वर निघून गेली, पाती गारठली आणि शेजारची वाफ त्यांच्यावरच गोठली. ते हिमतुषार (जमिनीवरच जमणारे बर्फाचे कण). बर्फ पडतो तो ढगातून. ढगात वाफ धुळीच्या बारीक कणाला चिकटते, गोठते आणि तिला सहा हात फुटतात."

"मग ढग आले की झालं!"

"तिथंच तर गोची आहे. ढग म्हणजे गोधडी. ती अंगावर आली की जमीन ऊबदार होते आणि बर्फाचं वाटेतच पाणी होतं. आपल्याकडे गारठा येतो तेव्हा ढग नसतात, ढग येतात तेव्हा गारठा पळतो. एकमेकांचं तोंड बघत नाहीत दोघं."

"मग आज तर ढग आलेत, तरी शक्यता कशी?"

"अंघोळ करून ओल्या अंगानं बाहेर आलीस की का कुडकुडतेस?"

सावीनं विचार केला. "अंगावरचं पाणी सुकतं... आणि सुकताना माझीच ऊब घेऊन जातं?"

"अगदी बरोबर. आठवडाभर उत्तरेची कोरडी हवा इथं ठाण मांडून बसलीये. आर्द्रता (हवेतला ओलावा) अगदी कमी. ढगातून पहिले कण पडतील ते या कोरड्या हवेत विरून जातील. पण विरता विरता हवेची ऊब घेऊन जातील. मग मागून येणाऱ्यांना वाट गार मिळेल."

"म्हणजे पुढचे मागच्यांसाठी विरतात?"

"हं," आबा म्हणाले.

इतक्यात घोंगडीवर एक पांढरा ठिपका दिसला. सावी गुडघ्यांवर बसली. हिमतुषार? नाही. आभाळ झाकलेलं आहे, आणि हा मघाशी नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत शेजारी दुसरा उतरला. अगदी हळू, वाऱ्यावर डोलत.

"आबा! पडला! जमला नाही, पडला!"

"हात मोज."

"सहा! सहा आहेत! आबा, लवकर बघा, वितळेल!"

आबा वाकले. चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. "दिसतंय ना आबा? केवढं सुंदर," ती घाईघाईनं म्हणाली.

"सुंदर आहे," आबा म्हणाले.

पण ते घोंगडीच्या दुसऱ्याच कोपऱ्याकडे बघत होते. तिथं काहीच नव्हतं. सावीनं आईकडे पाहिलं. आईनं चहाकडे पाहिलं.

"मला काही दिसत नाहीये!" कुरकुऱ्या ओरडला. "सांगा की कुणीतरी!"

कुणी हसलं नाही. आबांनी चाचपडत हात पुढे केला आणि त्याच्या गार डोक्यावर ठेवला.

"मलाही दिसत नाही रे," ते म्हणाले. "दिवाळीपासूनच नाही. सावी, आता निरीक्षण तुझं. सांग आम्हा दोघांना. आणि लवकर सांग, मागचे उतरतायत."