मंजुरी येईपर्यंत विचारू नकोस

आधी भिंतीतून भुसा पडला, मग लोखंडी टोक गरगरत आत आलं, आणि मग मुठीएवढ्या भोकातून एक निळा डोळा थेट ओदिलकडे बघू लागला.

"अगं बाई!" ओदिल किंचाळली. डोळा दचकून नाहीसा झाला.

वडिलांचे गमबूट पायात कोंबून ती बाहेर धावली. फेब्रुवारीचा बर्फ कमरेपर्यंत साचला होता, आणि शिडीशेजारी हातात ड्रिल घेऊन एक उंच तरुण उभा होता... पार ओशाळलेला.

"हे सिरांचंच घर ना? दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. कुणी नसलं तरी काम सुरू कर, असं बाईंनीच सांगितलं होतं."

"या रस्त्यावर सगळी घरं सिर आडनावाचीच आहेत! तुम्हाला कुठले हवेत?"

"ज्यांनी हीट पंप मागवलाय, ते. घर गरम करायचं विजेचं यंत्र."

"ते शेजारचे. आम्ही लाकडं जाळणारे सिर!"

तो कानापर्यंत लाल झाला. "मी एमेरी पेलतिये. सहा वर्षं हेच काम करतोय, हे आता कुठल्या तोंडानं सांगू?"

ओदिलला खरं तर रागवायचं होतं. पण हसू फुटलं ते फुटलंच.

भोक बुजवून एमेरी माफी मागायला आत आला. शेगडीशेजारी ओदिलचे वडील लुसियाँ बसले होते. शरद ऋतूत लाकडं फोडताना पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाण्याआधी ओदिलच लाकडं फोडायची. पोर्टलंड शहरात राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीनं तर निर्वाणीचं सांगितलं होतं: पुढच्या हिवाळ्याआधी घर गरम ठेवायची दुसरी सोय झाली नाही, तर घर विकून पपांना घेऊन जाईन.

ओदिलनं हे सांगितल्यावर एमेरी म्हणाला, "काका, कमी उत्पन्नाच्या घरांना या यंत्रावर सवलत आहे. जवळजवळ सगळाच खर्च सुटतो."

"कमी उत्पन्न कुणाचं रे?" म्हातारा कडाडला. "चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत घाम गाळलाय मी. मला खिरापत नको!"

"खिरापत कसली? तुमच्याच वीजबिलातून त्यासाठी चार पैसे कापतात की. शेजारच्यांनी घेतली सवलत. म्हणजे बघा, तुमच्या पैशावर त्यांचं घर उबदार."

लुसियाँनी शेगडीत एक ओंडका ढकलला. शेजारी आपल्या जिवावर ऊब खातोय हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"आण तो अर्ज," ते गुरगुरले.

त्यानंतर एमेरी मापं घ्यायला आला. मग मापं तपासायला आला. मग तपासलेली मापं पुन्हा बघायला... एका भिंतीचं माप किती वेळा घ्यावं, त्यालाही काही सुमार असतो! ओदिल गरमगरम प्लॉय करायची, कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी, वर लोणी आणि मेपलचा पाक.

"आणखी एक?"

"हे कसलं विचारणं? वाढ की!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी चर्चमध्ये गावाचं घेवड्याचं जेवण होतं. जेवणं उरकून दोघं पायऱ्यांवर आले. हिम अलगद उतरत होतं... ओदिलच्या पापणीवर एक कण अडकला, तो टिपायला एमेरीनं हात पुढे केला, आणि तो तिथेच थबकला.

"ओदिल, मला तुला एक—"

ओदिलनं लोकरी हातमोज्यातला पंजा झटकन त्याच्या तोंडावर दाबला. "विचारू नकोस!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"अरे वेड्या, ऐक तर! मंजुरीआधी नगर कार्यालयातल्या थेरेझबाई मला विचारणार, घरात कोण कोण राहतं, आणखी कुणी यायचंय का. तू विचारलंस की मी... आणि पपांना सोडून मी काही यायची नाही, म्हणजे तूच आमच्याकडे येणार. तुझा पगार आमच्या घरात धरला की सवलत गेली, आणि घरही गेलं! मला खोटं बोलता येत नाही, एमेरी. पण तू विचारलंच नाहीस, तर 'मला कुणी काही विचारलेलं नाही' हे खरंच असेल ना?"

एमेरी पंजाआडून म्हणाला, "म्हणजे विचारलं असतं तर... हो?"

"मी काही म्हटलं का?" ती म्हणाली, आणि तोंड लपवायला तिला तोच पंजा लागला.

लहान गावात काय लपतं! दुसऱ्याच दिवशी लुसियाँनी तिला गाठलं. "त्या पोराला नाही म्हणालीस?"

ओदिलनं सगळं सांगितलं. म्हातारा काठी टेकत उठला, दारामागची कुऱ्हाड उचलली आणि लंगडत थेट लाकडांकडे निघाला.

"पपा! कुठे निघालात?"

"फाडून टाक तो अर्ज! एका यंत्रापायी माझी पोर ताटकळणार? अजून दहा हिवाळे लाकडं फोडीन मी!"

ओदिलनं कुऱ्हाड काढून घेतली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "मला हे घर हवंय, तुम्ही हवे आहात, आणि तोही हवाय. यातलं एकही मी सोडणार नाही!"

नदीवरचा बर्फ फुटला, बटाट्याच्या शेतांवर पांढरी फुलं आली. मंजुरी काही येईना. गाव एमेरीला छळायचं, "काय रे, तोंडाला कुलूप?" तो हसून मान हलवायचा, प्लॉय खायचा आणि जड पावलांनी घरी जायचा.

ऑगस्टअखेर मंजुरी आली; पण यंत्र बसेपर्यंत ती फिरूही शकते, म्हणून ओदिलनं कुलूप काही उघडू दिलं नाही. ऑक्टोबरात पहिली कडाक्याची थंडी पडली, त्या सकाळी एमेरीनं यंत्र सुरू केलं. यंत्रातून ऊब हळूहळू खोलीभर पसरली. लुसियाँनी हात वर धरून बघितला.

"हं. शेजारच्यांपेक्षा जास्त गरम आहे," त्यांनी निकाल दिला.

ओदिलला राहवलं नाही. घर राहिलं होतं! पपा राहिले होते! ती एमेरीसमोर जाऊन उभी राहिली. "मीच विचारते आता. लग्न करशील माझ्याशी?"

"हो!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचे सिर खिडकीत आले.

"मग थांबलात कशाला?" लुसियाँ म्हणाले. "फादरना विचारा, चर्च कधी मोकळं आहे."

एमेरी चुळबुळला. "पुढच्या शनिवारी. मी... मार्चमध्येच विचारून ठेवलं होतं. यंत्र सुरू होईल त्याच्या पुढचा पहिला शनिवार आमचा म्हणून."

"मार्चमध्ये?" ओदिलनं कमरेवर हात ठेवले. "मी सांगितलं होतं ना, विचारू नकोस म्हणून!"

"तुला विचारू नको म्हणालीस," एमेरी म्हणाला. "फादरना विचारू नको, असं कुठे म्हणालीस?"