मंगळवारच्या तीन नळ्या

दर मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेत थर्माकोलचा डबा यायचा. धारवाड, अळणावर आणि हुबळीच्या तपासणी केंद्रांतल्या रक्ताच्या नळ्या त्यात बर्फात रोवलेल्या असायच्या. सुलभा एकेक नळी पुसून क्रमांक ताडून बघायची आणि वहीत उतरवायची. नाव कुणाचंच नसायचं. आपल्या भागात एचआयव्हीचे किती वाण फिरतात, एवढंच त्या प्रकल्पाला हवं होतं. विषाणूंच्या जनुकांची अक्षरं पुण्याहून छापून आली की सुलभा संगणकावर त्यांचं झाड मांडायची. अक्षरं जुळतील तितक्या फांद्या जवळ.

दोनशे चौदा नमुन्यांपैकी बहुतेक सगळे सी वाणाचे, एकमेकांचे चुलत-मावस असावेत असे. एकच क्रमांक झाडाच्या कडेला एकटा पडला होता. सीच्या मधोमध ए वाणाचा तुकडा सांधलेला. असा सांधा दुसऱ्या कुणात नव्हता.

तो क्रमांक सुलभाचाच होता.

रूपाच्या वेळी सहाव्या महिन्यात तिची तपासणी झाली, म्हणून तिचं कळलं. गरोदर बाईचं रक्त आधी काढतात, म्हणून घरात तीच आधी बाधित ठरली आणि तिनंच रोग आणला असंही ठरलं. "कॉलेजात शिकलेली ना!" एवढा पुरावा सासूला, आत्याबाईंना, पुरला. तिनं नवऱ्याला, प्रभंजनला, हात जोडून सांगितलं, तुम्हीही तपासून घ्या. सासूनं मध्येच तोडलं, "आमच्यात बाप्यांचं रक्त असं चव्हाट्यावर काढत नाहीत." प्रभंजन खाली मान घालून कापडाच्या घड्या घालत राहिला. दोन हजार दोन साली गेला, तेव्हा सगळ्यांना टीबी म्हणून सांगितलं. तेराव्यानंतर सुलभाची ट्रंक जिन्यात आली. बापाला 'अप्पा' म्हणायला लागलेली दीड वर्षांची रूपा मात्र वरच राहिली. तिचं रक्त स्वच्छ निघालं होतं, आणि तेच कारण झालं. "रोगी बाईकडं पोर कशी द्यायची?" थोरले दीर श्रीकांत चार माणसांसमोर म्हणाले, "आमच्या प्रभंजनकडून आला असं दाखव आणि खुशाल ने पोरीला."

कसं दाखवणार? ज्यानं जिवंतपणी एक थेंब दिला नाही, त्याची राख होऊन आता दोन वर्षं झाली होती.

सप्टेंबरात पुण्याहून जुलैचे कागद आले. सुलभानं झाड मांडलं आणि तिचा हात माऊसवरच थांबला. तिच्या एकट्या फांदीला शेजार आला होता. धारवाड केंद्राचे तीन क्रमांक, तीन लागोपाठच्या मंगळवारचे. तोच सांधा, त्याच जागी.

प्रकल्पप्रमुख डॉक्टर दत्तात्रयांनी चष्मा वर करून कागद पाहिले. "एकाच माणसाचे दिसतात. पण उलटं आहे हे. विषाणू जिवंत शरीरात बदलत पुढं जातो. इथं प्रत्येक नळीतला आधीच्या नळीहून जुना आहे. तिसरा तर साताठ वर्षांपूर्वीचा वाटतो. नळी यंदाची, रक्त तेव्हाचं? कुठंतरी घोळ झालाय. काढून टाका."

"हा माणूस कोण, ते कळेल?"

"नाव घेत नाही आपण. आणि कुणी कुणाला दिला, तेही हे झाड सांगत नाही, बाई."

सुलभानं ते तीन क्रमांक काढले नाहीत.

पुढच्या मंगळवारी ती रजा टाकून धारवाडच्या केंद्रावर गेली. तिथं रक्त काढणाऱ्या हिराबाई सुया मोजत बसल्या होत्या. सुलभानं ते तीन क्रमांक त्यांच्यापुढं धरले.

"ते होय? तीनदा आले की, अक्का. बोलणं कमी. हात असा गार, शीर सापडंना. मी म्हटलं, अण्णा, जेवून या. हसलेच नाहीत. पण सुई टोचली की नळी आपोआप भरायची, मला ओढायलाच लागायचं नाही."

"दिसायला?"

"उंच. मान खाली. डाव्या भुवईत खाच."

ती खाच सुलभानं तीन वर्षं रोज पाहिली होती.

"काही म्हणाले?"

हिराबाईंनी तिसरा फॉर्म काढून दिला. नावाची जागा कोरी. 'आधी तपासणी केली होती का?' या प्रश्नापुढं हिराबाईंच्याच अक्षरात उत्तर होतं: फेब्रुवारी १९९९. आईबरोबर.

सुलभाचं लग्न त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं.

रक्त देताना माणसं बसायची ती लोखंडी खुर्ची रिकामी होती. सुलभा तिच्यासमोर उभी राहिली आणि हिराबाई ऐकत असतानाच मोठ्यानं म्हणाली, "आता कशाला आलात? तेव्हा तोंड शिवलं होतं काय? एक शब्द बोलला असता, तर मी वाचले असते."

खुर्चीवरचं रेक्झिन हळूच करकरलं, कुणी बूड सावरावं तसं.

ती तिथून चालतच सुभाष रोडला, सासरच्या कापडदुकानात गेली. गल्ल्यावर श्रीकांत होते. आत्याबाई गादीवर बसून एका गिऱ्हाइकाला खण दाखवत होत्या.

"पुरावा आणलाय म्हण की," श्रीकांत हसले. झाडाचा कागद त्यांनी आडवा-उभा फिरवला. "ह्यात नाव कुठंय? आकडे काय, मीही लिहीन."

"नाव नाही," सुलभा म्हणाली. तिनं सासूकडं पाहिलं. "फेब्रुवारी नव्याण्णव, आत्याबाई. तुम्ही बरोबर गेला होता."

खण आत्याबाईंच्या हातातून सुटला.

"माझ्यासमोर फाडला होता तो कागद! कुणी दिला तुला?"

गिऱ्हाईक पिशवी उचलून निघून गेलं.

"आई," श्रीकांत म्हणाले. "तुला माहीत होतं? लग्नाआधी?"

"लग्न झालं की माणूस सुधारतो म्हणाले सगळे..."

"आणि मी?" सुलभानं विचारलं. "मी काय औषध होते?"

श्रीकांत जिन्यापाशी गेले आणि वर ओरडून बायकोला म्हणाले, "पोरीचे कपडे भर."

चारच्या बसला खिडकीशी जागा मिळाली. रूपा मांडीवर. चार वर्षांची झाली होती, तरी हलकी. आईच्या अंगाशी अंग चोरून बसलेली, डावा हात कोपरात घट्ट दुमडलेला. दुकानातून निघाल्यापासून तिनं तो सोडला नव्हता.

"दुखतंय का, बाळ?"

रूपानं मान हलवली. नाही.

सुलभानं हलकेच तिचा हात सरळ केला. कोपराच्या लवणीत कापसाचा बोळा होता, लालभडक आणि ओला. तिनं घाबरून पदरानं कातडी पुसली, दोनदा पुसली. टोचल्याची खूण कुठंच नव्हती.

"हा कुणी दिला?"

"अप्पांनी," रूपा म्हणाली आणि बोळा घेऊन हात पुन्हा दुमडला. "घट्ट धर म्हणाले. त्यांचं अजून थांबलं नाही."