उणा ताठा

हडपसरच्या शेअर रिक्षात तिघांच्या जागेत चौघं कोंबली होती, आणि नम्रताच्या मांडीवर एक जाडजूड लोखंडी स्प्रिंग, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली. खड्डा आला आणि साडी सुटली.

"बाळ जरा कडक दिसतंय," शेजारचा मुलगा म्हणाला.

"तुमच्या मांडीवर आहे का? नाही ना? मग झालं."

पुण्यात संभाषण इथेच संपतं. पण हा श्रीनिवास पडला अकोल्याचा. आपला अपमान झालाय हे त्याला जरा उशिरानंच कळायचं.

"पण हिचं करता काय?"

"भूकंपापासून इमारती वाचवते. एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे माझा."

"असं होय. इमारत झुकली की ही तिला मागं ओढणार."

"नाही. झुकेल तिकडेच ढकलणार."

"पडणाऱ्याला ढकलता? पुण्याच्याच नं तुम्ही?"

आता हसू आवरायचं तरी किती? तिनं समजावलं... इमारत जितकी ताठ राहायला बघते, तितका जमिनीचा हिसका तिच्या अंगावर येतो. ही स्प्रिंग तो ताठपणा कमी करते. निगेटिव्ह स्टिफनेस म्हणतात त्याला. आणि इमारत फार वाहवत जाऊ नये म्हणून शेजारी डॅम्पर असतो, तेल भरलेलं नळकांडं, हळूच आवरून धरणारं.

"निगेटिव्ह स्टिफनेस... म्हणजे उणा ताठा," तो म्हणाला. "आणि नाव काय म्हणालात तुमचं?"

"नम्रता."

तो इतका हसला की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं.

मग कॉलेजच्या गेटसमोरचा चहा सुरू झाला. त्याचं आयटी ऑफिस सुटलं की तो यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. नम्रताला चहावरची साय आवडत नाही, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. पण तो बोलता बोलता तिच्या कपावरची साय चमच्यानं काढून टाकायचा. मनातलं मात्र दोघांच्याही ओठांवर येऊन परत जायचं.

आणि काल तो म्हणाला, "बंगळूरला पाठवतायत. कायमचं. उद्या चारच्या आत हो की नाही कळवायचंय... जाऊ का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला होता. एवढं सरळ विचारलेलं, बाई गं, एक 'नको' म्हणायला काय जातं? पण छे.

"जा की. तुला इथे कोण अडवतंय?"

म्हणाली आणि जीभ चावली.  तो साय न काढताच उठला.

आज चाचणी होती. लॅबमधल्या हलणाऱ्या टेबलावर तीन मजल्यांचा लोखंडी सांगाडा उभा होता.  सकाळपासून तो फोन उचलत नव्हता, आणि घड्याळ काही तिच्यासाठी थांबत नव्हतं. हा खरंच गेला तर?

"नम्रता, परीक्षकांना जरा समजावून सांगा," तिचे गाइड दिगंबर सर म्हणाले.

"इमारत झुकली की हे उपकरण तिला त्याच बाजूला ढकलतं. हे एकटं ठेवलं तर ती जातच राहील. म्हणून शेजारी आवरणारा..." तिनं बोट दाखवलं आणि बोट तिथेच राहिलं. डॅम्परचं एक टोक लोंबत होतं. काल तेल भरायला तिनंच सोडवलेलं. तसंच टाकून चहाला पळाली होती, आणि परतली ती डोळे पुसत.

"सर, थांबा. डॅम्पर लावायचा राहिलाय."

"बरं झालं बघितलंत," सर थंडपणे म्हणाले. "ढकलायला काय, कोणीही ढकलतं."

ते तिच्या थेट काळजाला लागलं. निघालेल्या माणसाशी काल ती नेमकी तशीच वागली होती.

तिनं बोल्ट आवळले. टेबल हादरलं. सांगाडा झुकला, क्षणभर रेंगाळला... आणि हळूच सरळ झाला. टाळ्या वाजल्या. नम्रताचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"आलेच सर," म्हणून ती धावत सुटली. निदान ऑफिसात तरी गाठता येईल.

पण श्रीनिवास गेटबाहेरच उभा होता, हातात मोबाइल घेऊन.

"तू... आत का नाही आलास?"

"आलो होतो. वॉचमननं अडवलं. म्हणाला, ओळखपत्र नसेल तर बाहेरूनच शुभेच्छा द्या." तो हसला नाही. "चला, पुण्यात कोणीतरी अडवलं मला."

तिचा श्वास फुलला होता. "मी पण... मी पण अडवतेय."

"काल तर म्हणालीस..."

"काल नुसतं ढकललं. आवरायचं राहिलं." तिचे डोळे भरून आले. "जाऊ नकोस, श्रीनिवास. तू हवा आहेस मला."

 चाचणीच्या वेळीसुद्धा ती एवढी घाबरली नव्हती. मग त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं.

"काय पाठवलंस?"

"येत नाही म्हणून. सकाळीच लिहून ठेवलं होतं. पाठवायला कारण पाहिजे होतं नं." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "काल काहून नाही बोललीस?"

"ताठा होता."

"आणि आता?"

"उणा," ती म्हणाली.

चहावाल्यानं न सांगता दोन कप पुढे केले. श्रीनिवासनं आधी तिच्या कपावरची साय काढली.