हरभऱ्याची आंब

सोशिक हरभरा आल्यापासून लातूरकडच्या शेतकऱ्यांनी आभाळाकडे बघणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. पेरल्यावर पाण्याचा थेंब नको, आणि पौषात पारा दोनवर उतरला तरी फूल गळत नसे. धड पावसाळा तीन वर्षांतून एकदा यायचा, त्या काळात आणखी काय हवं! सारिकाताई लोहकरे तर उघड म्हणायच्या, की आमच्या घरातल्या माणसांपेक्षा हे पीक समजूतदार आहे.

पण त्यांची नात जुई चार वर्षांची झाली तरी दोन वर्षांच्या पोरीएवढी दिसे. थंडी पडली की तासन् तास झोपे, अंग गार लागे. दूध-तूप घातलं की ओकायची, तापानं फणफणायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शेवटी ज्यांनी हा वाण तयार केला त्या डॉ. अस्मा पटेलच गावात आल्या, कारण सोशिक पेरणाऱ्या सात गावांत अशी एकवीस मुलं निघाली होती.

जुई पोटात असताना तिच्या आईनं काय काय खाल्लं, असं बाईंनी विचारलं. सारिकाताईंनी डाळ, पिठलं, पाल्याची भाजी सगळं सांगितलं. हे सारं तपासलेलं आहे, असं म्हणत बाई लिहीत होत्या. मग ताई सहज म्हणाल्या, की सुनेच्या, नयनाच्या, उलट्या थांबेनात म्हणून आंब तेवढी दिली होती.

"आंब म्हणजे?" बाईंचा हात थांबला.

एवढी शिकलेली बाई, आणि आंब ठाऊक नाही! ताईंना हसूच आलं. पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरायचं, पानांवरचं आंबट दव त्यात मुरलं की पिळून बाटलीत भरायचं. पोटाला फार चांगली. सात महिने रोज चमचाभर, आपल्या हातानं पाजली होती त्यांनी सुनेला.

डॉ. अस्मांनी वही मिटली.

"ताई, जनुकं म्हणजे पुस्तक समजा. आम्ही त्यातलं अक्षरही बदललं नाही. झाडाला मुद्दाम तहान आणि गारठा सोसायला लावला. मग झाड स्वतःच पुस्तकात खुणा घालतं, हे पान उघडं ठेवा, ते मिटा. या स्मरणखुणा बियांत उतरतात. पुढचं झाड दुष्काळ न बघताच वाढ आवरून बसतं."

शेजारच्या झाडांनाही कळावं म्हणून ते झाड निरोपाचे कण पानांवाटे बाहेर टाकतं, असंही त्यांनी सांगितलं. शिजवल्यावर ते कण मरतात. कच्ची आंब कुणी पीत असेल, हे प्रयोगशाळेत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आंबेतून ते कण पोटातल्या जुईपर्यंत पोचले होते, आणि तिच्या पुस्तकातही त्याच खुणा पडल्या होत्या.

"मग पुसा की त्या खुणा," ताई म्हणाल्या.

"तीन पिढ्या सुखात गेल्या की आपोआप पुसल्या जातात."

हरभऱ्याच्या तीन पिढ्या म्हणजे तीन हंगाम. माणसाच्या किती वर्षं, हे ताईंनी मनातल्या मनात मोजलं. त्यांच्या हयातीत काही ते होणार नव्हतं, जुईच्याही कदाचित नाही.

बाई पुढे जे बोलल्या ते तर ऐकवेना. सोशिकाला पाणी दिलं की तो माजतो आणि मग करपतो, हे ताईंनी शेतात पाहिलेलं होतं. पोरीच्या अंगाचंही तसंच. तिला पोटभर देऊ नका, अर्धपोटी ठेवाल तरच जगेल.

ताई संतापल्या. स्वतःच्या नातीला उपाशी ठेवू का, म्हणून बाईंना नाही नाही ते बोलल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. आता नयनाला सांगायचं कसं, हेच ताईंना कळेना.

यंदा नेमका पाऊस बरा झाला होता, कणगी भरलेली होती. दुपारी ताईंनी भाकरी मोडली, अर्धी जुईच्या ताटात ठेवली आणि अर्धी दुरडीत झाकली. पोर आता भोकाड पसरणार म्हणून त्यांनी एक गोष्टही योजून ठेवली होती.

जुई रडली नाही. ताटातल्या भाकरीकडे तिनं जरा वेळ पाहिलं, तिचा लहानसा तुकडा मोडून तोंडात घातला आणि उरलेली उचलून स्वतःच दुरडीत नेऊन ठेवली.

"राहू दे आजी," ती म्हणाली. "पुढं लागंल."