जाळीखालचा हात

त्या दिवशी सकाळचा पाण्यावरचा बाजार उरकून आम्ही बारितो नदीतून घरी परतत होतो. ऊन चढलं होतं. नावेत मी, माझा नवरा साबरान आणि केळीच्या रिकाम्या टोपल्या. एका वळणावर एकाएकी इंजिनाच्या नळीतून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थांबलीच. तापलेल्या तेलाचा वास सुटला. साबराननं इंजिन बंद केलं.

"जलपर्णी. बुडाची जाळी तुंबली, इंजिन गार करणारं पाणी आत येईना," तो म्हणाला. "नोरसिया असती तर..."

पुढचं मला पाठ होतं. नोरसिया त्याची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी तापानं गेलेली. ती एका दमात बुडी मारून जाळी मोकळी करायची. तिच्या हातचा भात, तिचं हसू, सगळं ऐकून घेतलं होतं मी. ही बुडी मात्र घशाखाली उतरत नव्हती.

"मी उतरते."

"अगं मसनिया, तुला नाही जमायचं ते."

त्यावरच मी उडी टाकली.

पाणी चहासारखं गढूळ. चाचपडत जाळी सापडली. मुळांचा घट्ट गुंता. ओढता ओढता दम संपत आला... आणि माझ्या बोटांशेजारी दुसरी बोटं लागली. सराईत. भराभर मुळं उपसत होती. मग त्यांनी माझा हात बाजूला सारला... हळूच, नवख्या सुनेला चुलीपासून सारतात तसा.

मी वर आले. इंजिन लागलं, धार सुटली.

"शाब्बास! नोरसियालाही इतक्या लवकर जमायचं नाही."

मी केस पिळले. ते कौतुक ठेवून घेतलं.

मग रोज त्याच वळणावर जाळी तुंबू लागली, आणि खाली रोज तीच बोटं. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "अंग मोडून आलंय. आज तुम्हीच जा."

तो गेला. बराच वेळ वर येईना. आला तो हसत. असं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"नको म्हणालीस, आणि आलीसच की मागून!"

मग त्यानं माझी कोरडी बाही चाचपली. पण हसू मावळलं नाही.

आता जाळी तुंबत नाही. तरी त्या वळणावर तो इंजिन बंद करतो. "जरा बघून येतो."

"काही नाहीये हो तिथे..."

तो ऐकत नाही. काल वर आला, तेव्हा त्याच्या गालाला तांदळाची पांढरी उटी लागली होती, आमच्या बायका ऊन लागू नये म्हणून लावतात तशी. मी हात लावून पाहिलं. एवढ्या पाण्यातून येऊनही ती कोरडी होती.