मला धरून दहा

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. कंपनीचं नाव तेवढं सांगणार नाही, कारण माझी नोकरी कंत्राटी आहे आणि मला ती टिकवायची आहे. बाकी सगळं जसं घडलं तसं.

यंदाचा फेब्रुवारी. शुक्रवार. दुपारचे सव्वातीन.

अंबरनाथ एमआयडीसीत अगदी मागच्या बाजूला, जिथे डांबरी रस्ता संपतो तिथली गल्ली.

भर दुपारी असलं काही होत नाही, असं मलाही वाटायचं.

मी अस्मिता. बदलापूरला कात्रपमध्ये राहते. नवरा प्रमोद, मुलगी राजसी आणि मी, असे आम्ही तिघं. माझं काम सर्व्हेचं. दुकान, वर्कशॉप, कारखाना, जिथे माणसं कामाला असतील तिथे जायचं आणि विचारायचं, तुमच्याकडे किती जण? पुरुष किती, बायका किती, कायम किती, ठेक्यावर किती? हे आकडे वर जातात, त्यांची बेरीज होते, आणि मग देशात किती लोकांच्या हाताला काम आहे ते पेपरात छापून येतं.

नावं आम्ही विचारत नाही. फक्त आकडा.

आम्ही कुणालाच नको असतो. उल्हासनगरात 'कल आना' ऐकून माझ्या चपला झिजल्या. कोणी इन्कम टॅक्सवाली समजतं, कोणी मुद्दाम कुत्रं मोकळं सोडतं. आता राग येत नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. रोज येतो.

आमच्या कामातली एक खोड आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

नऊपर्यंत माणसं असली की फॉर्म छोटा. दहा झाली की मोठा. मोठ्या फॉर्मसाठी तीन-तीन खेपा घालाव्या लागतात. मालकाला दहा नको असतात आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नको असतात. त्यामुळे आमच्या यादीत नऊ माणसांचे कारखाने भरपूर. बघावं तिथे नऊ.

आदल्या वर्षी मी याच कंपनीत गेले होते. केमिकलचे रिकामे ड्रम धुऊन द्यायचं काम चालतं तिथे. सुपरवायझर विनीत गेटवरच आला आणि म्हणाला, नऊ लिहा, आत यायची गरज नाही. तेवढ्यात चहा आला. मला एक सवय आहे, चहाचे ग्लास मोजायची. मालक काहीही सांगो, चहा माणसांइतकाच येतो.

दहा ग्लास होते.

मी नऊ लिहिलं. ऊन मी म्हणत होतं आणि अजून चार कंपन्या बाकी होत्या.

निघताना कामगारांतला एक जण माझ्याजवळ आला. काटकुळा, चाळिशीचा. एका पायात काळा गमबूट, एका पायात पांढरा. हातात चहाचा ग्लास तसाच.

"ताई, त्या आकड्यात माला धरलाय ना?"

"धरलंय हो," मी म्हटलं.

माणूस इतका खूश झाला. म्हणाला, इथल्या हजेरीबुकात नाव घालत नाहीत, सरकारच्या कागदात आलो हे बरं झालं, घरी बायकोला सांगतो. मी मान हलवली आणि रिक्षा पकडली. दोन मिनिटांत विसरलेसुद्धा.

तो विसरला नव्हता.

यंदा विनीतने मला मुद्दाम शुक्रवारी बोलावलं. आमच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गेटवर म्हातारे वॉचमन होते, आण्णा. विनीतने हजेरीबुक पुढे ढकललं, नऊ नावं दाखवली, आणि तुमचा सर्व्हे म्हणजे डोक्याला ताप आहे असं तोंडावर सांगून फोनवर बोलत बाहेर निघून गेला.

मी टॅबमध्ये नऊ टाकलं.

आणि शेडमधून आवाज आला…

फचक. फचक. फचक.

पाणी भरलेला बूट घालून कोणी चालावं, तसा.

मी आण्णांना विचारलं, आत कोण आहे? ते म्हणाले, कोणी नाही म्याडम, सुट्टी हाय. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी माणसं आत लपवून राबवतात, आणि वर मलाच ताप म्हणतात. आज यांना पकडतेच, असं ठरवून मी उठले. भीती म्हणाल तर नावाला नव्हती. नुसता राग होता.

शेडचं दार उघडंच होतं.

आत कोणी नव्हतं…

ड्रमच्या रांगा. मधोमध धुण्याची मोठी टाकी, झाकण लावलेली. भिंतीवर ओळीने खिळे, खिळ्यांवर उपडे घातलेले चहाचे ग्लास. मी मोजले. नऊ.

दहावा खिळा रिकामा होता.

फरशी कोरडी ठणठणीत होती. पण टाकीपासून ओले ठसे निघाले होते. बुटांचे. डाव्या बुटाची नक्षी वेगळी आणि उजव्याची वेगळी.

ठसे माझ्या दिशेने आले होते आणि मध्येच थांबले होते.

मी बघत असताना पुढचा ठसा उमटला…

फचक.

मागे दार लागलं. वारा नव्हता. मी धावत जाऊन कडी ओढली, दार हलेना. नाकात काहीतरी उग्र शिरलं, थिनरसारखं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आण्णांना हाक मारायला तोंड उघडलं तर घशातून आवाजच निघेना.

मग रांगेतल्या पहिल्या ड्रमवर थाप पडली. ठण्.

दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.

नऊपर्यंत मोजलं कोणीतरी, सावकाश. नवव्या थापेनंतर शांतता.

तो थांबला होता. माझ्यासाठी.

वास वाढत चालला होता. श्वास घेतला की छातीत आग. आणि अगदी कानाशी, ओल्या आवाजात…

"ताई, माला धरला व्हता ना?"

त्या आवाजात लाचारी नव्हती. मागच्या वर्षीचा तो खूश झालेला माणूस नव्हता हा. उत्तर चुकलं असतं तर मी तिथून बाहेर पडले नसते, हे मला त्या क्षणी कळलं आणि आजही पटतं.

"दहा," मी कशीबशी म्हणाले. "तुम्हाला धरून दहा."

कडी सुटली. मी बाहेर कोसळले.

आण्णांनी पाणी दिलं. आत कोणाशी बोलत होता, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "वेगळे वेगळे बूट व्हते का?"

मी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. किसन त्याचं नाव, मुरबाडकडचा. मागच्या जुलैत टाकी धुवायला आत उतरला आणि वाफेने गुदमरला. संध्याकाळी सापडला. कंपनीने वर सांगितलं की आमच्याकडे नऊच माणसं, हा कोणी भंगार वेचणारा, भिंतीवरून उडी मारून आला असेल. बाकीच्या नऊ जणांनी तोंड उघडलं नाही. आण्णांनीही नाही. हे सांगताना म्हातारा रडत होता.

मी टॅब उचलला. मला फक्त घरी जायचं होतं.

स्क्रीनवर नऊच्या जागी दहा होतं, आणि मोठा फॉर्म उघडला होता…

गेटबाहेर एक बाई उभी होती. बरोबर कोणी नाही, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. किसनची बायको, अंजना. बाकीच्या दिवशी तिला हाकलतात म्हणून ती शुक्रवारी येते, आणि आज सर्व्हेवाली येणार हे आण्णांनीच तिला कळवलं होतं.

तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं आणि सरळ विचारलं, मागच्या वर्षी मोजायला तुम्हीच आला होतात का? तो घरी येऊन सांगायचा, सरकारच्या बाईने माला धरलाय. लेबर कोर्टात केस उभी राहायची तर बाहेरचं एक तरी माणूस हवं होतं, जे म्हणेल की इथे दहा जण कामाला होते. एक माणूस. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

विनीत फोन बंद करून मागे येऊन उभा राहिला होता. ऐकत होता.

मार्चमध्ये माझं कंत्राट संपणार होतं. दहा दिसले असताना नऊ लिहिले, हे मी तोंडाने बोलले असते तर ते पुढे वाढलं नसतं. राजसीची फी, घराचा हप्ता, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं.

"आमच्या फॉर्ममध्ये नावं नसतात," मी म्हटलं. हे खरंच होतं.

"नाव नको," ती म्हणाली. "किती जण व्हते तेवढाच सांगा."

मी विनीतकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"नऊ."

ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मला तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मागे, रिकाम्या शेडमध्ये…

फचक. फचक.

या वेळी आवाज गेटकडे येत होता.

मी पळाले. खरंच पळाले, रस्त्यावरून, टॅब छातीशी धरून. रात्री दहा खोडून नऊ केलं आणि फॉर्म पाठवून दिला. यंदाचा आकडा तर नऊच होता ना. माणूस मेल्यावर मोजत नाहीत. असं मी स्वतःला समजावलं.

तेव्हापासून माझा प्रत्येक फॉर्म एकाने चुकतोय. शिरगावातल्या टेलरकडे दोघं, मी दोन लिहिते, ऑफिसात तीन पोचतात. बेकरीत पाच, पोचतात सहा. ऑफिसातून ओरडा बसतो. मी फोटो काढून ठेवते, तरी तेच.

प्रमोदला यातलं अर्धंच सांगितलंय. तो म्हणतो, सॉफ्टवेअरचा घोळ असेल. असेलही.

पण मे महिन्यातलं त्याला अजून सांगितलेलं नाही.

जनगणनेची घरमोजणी चालू होती. सकाळी अकराला आमच्याकडे शाळेतल्या एक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, घामाघूम. प्रमोद कामावर, राजसी क्लासला. घरात मी एकटी. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. आपल्यासारखीच बाई, दारोदार हिंडणारी. म्हटलं, हिला तरी कोणी चांगलं वागवावं.

खोल्या किती, नळ आहे का, गॅस आहे का, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, घरात राहणारी माणसं किती?

"तिघं," मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. थोड्या चिडल्यासारख्या झाल्या. लोक खोटं का सांगतात, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तो चेहरा मी रोज आरशात बघते.

"मॅडम, चार लिहिलेत मी," त्या म्हणाल्या. "जिन्यात तुमच्याकडचे ते भेटले ना. त्यांनीच सांगितलं, माला धरून चार."

मी दाराकडे बघितलं.

उंबऱ्याबाहेर आमच्या चपलांच्या शेजारी दोन गमबूट नीट ठेवलेले होते. एक काळा. एक पांढरा. दोन्हींतून पाणी झिरपत होतं.

बाई विचारत होत्या, बरोबर आहे ना, चार? मला खोडायला सांगता आलं असतं. एक शब्द बोलायचा होता.

स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागे, ग्लास खिळ्यावरून काढल्यासारखा आवाज आला…

"हो," मी म्हटलं. "चार."

अंजनाचा नंबर मी आण्णांकडून घेऊन ठेवलाय. तीन महिने झाले, रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते.

आता हे लिहितानाही फोन बाजूलाच आहे. घरात कोणी नाही, आणि फरशी ओली होत चालली आहे.