चित्रातली खुर्ची

काकांची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली, पण चुका काढायची सवय काही गेली नव्हती. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. काकू वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, तर तिथेही स्वारी स्वल्पविराम कुठे आहे ते विचारायची. आता हट्ट एकच होता. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर ज्या चित्राची छापील प्रत चाळीस वर्षं लटकत होती, ते मूळ चित्र एकदा ‘बघायचं’. बघणार काकू, सांगणारही काकू. त्या सांगतील तेच काकांना दिसायचं. म्हणून एका दुपारी दोघं संग्रहालयात आली.

दालनात जुन्या वॉर्निशचा वास होता. गर्दी नुकतीच पुढच्या दालनात सरकली होती. काकांचा हात धरून काकू चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“हं, सांग,” काका म्हणाले.

“खिडकीशी बाई, पाठमोरी. टेबलावर सुरई, अर्धा पाव. शेजारी खुर्ची...”

“खुर्ची नाहीये त्या चित्रात.”

“अहो, डोळे मला आहेत की तुम्हाला? जरा ओढून ठेवलीय. कुणी येणार असलं की आपण ओढून ठेवतो ना, तशी.”

बोलता बोलता काकूच थबकल्या. घरच्या प्रतीवरची धूळ त्यांनीच इतकी वर्षं पुसली होती. त्यात खुर्ची नव्हतीच.

“छापणाऱ्यांनी गाळली असेल,” काका हसले. मग हळूच म्हणाले, “अगं... माझ्यासाठीच ओढलीय ती.”

“काहीतरीच तुमचं. चला, निघू या.”

काका हलेनात. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला होता. “ती म्हणतेय, या, दमला असाल... तुला नाही ऐकू आलं?”

काकूंनी वर पाहिलं. बाईची मान किंचित वळली होती. मघाशी न दिसलेला कान आता दिसत होता. काका जागच्या जागी उभे होते, पण काकूंच्या मुठीतला त्यांचा हात हलका होत चालला होता, गार पडत होता. आपला माणूस आपल्यासमोर चाललाय, हे त्यांना लख्ख कळलं. ओढून नेलं असतं तरी तो हट्टी माणूस आला नसता.

“अजून रिकामी आहे ना गं?”

डोळे गेल्यापासून काकूंनी त्यांना एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

“नाही. बसलंय कुणीतरी.”

“कोण?”

परकं कुणी म्हटलं तर ते उठेपर्यंत काका वाट बघत राहिले असते.

“मी,” काकू म्हणाल्या. “मीच बसलेय. तुम्हाला जागा नाही.”

मुठीतला हात एकदम जड झाला, उबदार झाला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

“बरं, मग ऊठ. घरी जाऊ,” काका म्हणाले आणि त्यांनी कान टवकारले. “पण तू इतक्या लांबून का बोलतेयस?”

“लांबून कुठे? तुमचा हात धरलाय की मी...”

“माझा?” काकांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांतून बाहेर काढले.

तेवढ्यात काकूंच्या पाठीला खुर्चीची पाठ टेकली आणि मुठीतल्या हाताने त्यांची बोटं घट्ट धरली.